अनसूया भेकरीण आणि धनेश-व्याधी

एका जंगलात, बाळांनो, एक भलामोठा दवाखाना होता. इतका मोठा, की आत शिरल्यावर आपलं दुखणं कुठल्या दाराशी न्यायचं हेच रोग्याला कळत नसे.

त्याच जंगलात अनसूया नावाची एक भेकरीण राहायची. भेकर म्हणजे लहानखुरं हरीण, भुंकतं मात्र कुत्र्यासारखं. तिच्या नवऱ्याचं नाव तुळाजी. दोघांचं बरं चाललं होतं.

पण एका उन्हाळ्यात अनसूया वाळायला लागली. खाल्लेलं पोटात ठरेना. उठून उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी यायची. तिचा तांबूस रंग काळवंडत चालला. हिरड्यासुद्धा काळ्या पडल्या. आणि चारा पाहिला की तिला मळमळायचं. हवं असायचं ते फक्त मीठ. ओढ्याकाठचा खारा दगड ती दिवसभर चाटत बसायची.

तुळाजी तिला दवाखान्यात घेऊन गेला.

पहिल्या दारात डॉक्टर रानडुक्कर बसले होते. त्यांनी तिच्या पोटावर एक टिचकी मारली. "गॅस आहे," ते म्हणाले. "पुढचा."

दुसऱ्या दारात डॉक्टर मोर होते. "रंग काळा पडतोय? मग उन्हात कशाला फिरता? जरा नटत-थटत जा."

तिसऱ्या दारात डॉक्टर वानर होते. ते मनाचे डॉक्टर. "घरी कोण कोण असतं?" त्यांनी विचारलं.

"हे आणि मी."

"सासूबाई?"

"त्या वारल्या."

"मग त्यांची आठवण येत असेल. मनाचं दुखणं आहे."

"अहो, पण मला भोवळ येते!"

"बघा," वानर तुळाजीला म्हणाले, "किती आठवण येते ती!"

तिन्ही डॉक्टर हुशार होते हं, मुलांनो. तिघांकडेही सुवर्णपदकं होती. फक्त तिच्याकडे नीट बघायला कुणाला सवड नव्हती.

या सगळ्यांचे प्रमुख होते डॉक्टर धनेश. धनेश पक्ष्याची चोच मोठी असतेच, पण या चोचीवर आणखी एक चोच उलटी ठेवल्यासारखं शिंग होतं. त्यामुळे ते झोपेतसुद्धा विद्वान दिसत.

धनेशसाहेब साध्या आजारांना पंखही लावत नसत. सर्दी, हगवण, हिवताप म्हणजे त्यांच्या मते रोग्यांनी वेळ घालवायला लावून घेतलेले छंद. त्यांना हवे असत दुर्मिळ आजार. दरवर्षी ते महासभा भरवायचे. लांबलांबच्या जंगलांतून तज्ज्ञ यायचे. एक रोगी मधोमध उभा करायचा आणि त्याला काय झालंय ते सगळ्यांनी ओळखायचं, असा तो सोहळा असे. कुणालाच ओळखता आलं नाही की धनेशसाहेब उठून उत्तर सांगायचे.

त्या वर्षी मात्र महासभा तोंडावर आली आणि साहेबांकडे रोगीच नव्हता. जंगलात सगळे मेले सरळसाधे आजार होऊन मरत होते.

दवाखान्यात डॉक्टर खवले नावाची एक तरुण डॉक्टरीण होती. खवल्या मांजराच्या जातीची. वऱ्हांड्यात टेकून बसलेली अनसूया तिला दिसली. ती तिच्याजवळ खाली बसली.

"ताई, मिठाची ओढ कधीपासून?"

अनसूयेला रडू आलं. हे कुणी विचारलंच नव्हतं.

खवलेबाईंनी तिच्या हिरड्या पाहिल्या. बसवून नाडी पाहिली, उभं करून पाहिली. मग ती धावत धनेशसाहेबांकडे गेली.

"सर, या बाईंच्या मूत्रपिंडांच्या माथ्यावर ज्या ग्रंथी असतात ना, त्या मंदावल्यात. म्हणून मीठ अंगात टिकत नाही, म्हणून भोवळ, म्हणून हा काळा रंग. फार क्वचित दिसतं हे."

"क्वचित?" साहेबांनी दोन्ही पंख पसरले. "म्हणजे किती क्वचित?"

"आपल्या जंगलात तरी ही पहिलीच. मी आजच मीठपाणी आणि रानमुळीचा रस सुरू करते. जन्मभर घ्यावा लागेल, पण बऱ्या राहतील."

"खबरदार!" साहेब ओरडले. "रस दिलास तर ती बरी होईल. बरी झाली तर महासभेत दाखवू काय? ठणठणीत भेकरीण? त्या तर झुडपाझुडपात पडल्यात!"

"सर, पण ती मरेल."

"महासभेच्या आधी नाही मरत. मी सांगतो ना."

डॉक्टर खवलेने अंगाचं वेटोळं केलं. खवल्या मांजर घाबरलं की असंच करतं. नोकरी नवीन असली की बाकीचेही करतात.

त्या दिवसापासून अनसूयेचा थाट काय विचारता! तिला वेगळी खोली. मऊ पाचोळ्याची गादी. शिकाऊ डॉक्टरांच्या रांगा लागल्या. "मावशी, आ करा." "मावशी, जरा उठा बरं, आम्हाला भोवळ बघायचीय." ती उठायची, पडायची, आणि पोरं माना डोलवायची. खारा दगड मात्र तिला मिळेना. मिठाने लक्षणं फिकी पडतात, असं साहेबांचं म्हणणं.

तुळाजीने हात जोडले. "डॉक्टरसाहेब, औषध कधी सुरू करणार?"

"औषध ही क्षुल्लक गोष्ट आहे, तुळाजी. तुमच्या पत्नीला लाखात एखादीला होतो तो आजार झालाय. तुम्हाला अभिमान नाही वाटत?"

तुळाजी भोळा. त्याला वाटला अभिमान. त्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितलंसुद्धा. पण दुसऱ्या दिवशी तो भेटायला गेला, तेव्हा अनसूयेला मान उचलवेना.

"अहो," ती म्हणाली, "एवढा मिठाचा खडा आणून द्या मला. लाखात एक नको हो व्हायला. चारचौघींसारखी जगू दे."

तुळाजीने गालात खडा लपवून आणला. दारावरच्या तरसाने त्याचा फुगलेला गाल दाबला आणि खडा बाहेर पडला. धनेशसाहेब धावत आले. "शास्त्राचा खून करायला निघालात?" ते कडाडले. तेव्हापासून तुळाजीला भेटायची बंदी झाली.

महासभेचा दिवस उजाडला. नदीपलीकडून कासव आलं, डोंगरावरून गिधाड आलं. तुळाजी मागे झुडपाआड उभा राहिला. अनसूयेला दोघांनी धरून मधोमध आणलं.

"ओळखा!" धनेशसाहेब म्हणाले.

"यकृत," कासव म्हणालं. ते नेहमी यकृतच म्हणायचं.

"आतड्यात जंत," गिधाड म्हणालं. "आतडी बाहेर काढली तर नक्की सांगता येईल."

बराच वाद झाला. दोन शिंगवाल्या तज्ज्ञांत तर शिंगाला शिंग भिडलं. अनसूया उभीच होती. शेवटी धनेशसाहेब उठले, घसा खाकरला आणि त्यांनी ग्रंथीची ती गोष्ट सांगितली. खवलेबाईंचं नाव तेवढं राहून गेलं. सभा चकित झाली.

आणि अनसूया धाडकन कोसळली.

"वा!" साहेबांनी चोच उंचावली. "हीच ती मूर्च्छा! ग्रंथात वर्णन आहे, पण बघायला भाग्य लागतं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"अहो, तिचा श्वास मंदावलाय!" झुडपाआडून तुळाजी ओरडला.

"अगदी बरोबर निरीक्षण," कासव म्हणालं. "कोण आहेत हे गृहस्थ?"

तेवढ्यात डॉक्टर खवलेचं वेटोळं सुटलं. ती रसाची वाटी घेऊन पळत मधे आली. महासभेच्या अध्यक्षांनी घंटा वाजवली. "बाई, प्रश्नोत्तरांना अजून अवकाश आहे, खाली बसा!" खवले खाली बसली खरी, पण अनसूयेच्या उशाशी. तिने तिच्या तोंडात रस घातला, मीठपाणी घातलं, पुन्हा रस घातला. टाळ्या संपेपर्यंत अनसूयेने डोळे उघडले होते. पण तिकडे तोवर शाल-श्रीफळ चाललं होतं, त्यामुळे ते कुणी पाहिलं नाही.

त्या आजाराला नाव मिळालं धनेश-व्याधी. डॉक्टर खवलेची बदली झाली जंगलाच्या टोकाला, खोकल्याच्या दवाखान्यात. भर सभेत परवानगीवाचून रोगी वाचवला, हा तिचा गुन्हा.

अनसूया बरी झाली. रोज रस प्यायची, मीठ चाटायची. रंग पुन्हा तांबूस झाला.

पुढच्या वर्षी साहेबांचं बोलावणं आलं. ती आणि तुळाजी गेले. साहेबांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कोण आपण?"

"मी अनसूया. तुमची व्याधी."

"अरेरे!" साहेब कळवळले. "काय ही दशा! हिरड्या गुलाबी, डोळ्यांत तेज. छे छे. बाई, तज्ज्ञ लोक परत बघायला येतायत. आठ दिवस औषध बंद ठेवा. शास्त्रासाठी."

"साहेब," अनसूया म्हणाली, "मेले तर?"

"तर त्या अवस्थेवर वेगळं व्याख्यान ठेवू."

अनसूया साहेबांच्या तोंडावर एकदाच भुंकली. मग नवऱ्याला घेऊन घरी गेली.

पण महासभा कुठे थांबते, मुलांनो? साहेबांनी चंद्री नावाची एक धट्टीकट्टी भेकरीण गाठली. तिला वणव्याच्या राखेत आणि कोळशात लोळवलं. हिरड्यांना काजळ लावलं.

"भोवळ येते का?" तज्ज्ञांनी विचारलं.

"येते की," चंद्री म्हणाली. "आणू का?"

आणि तिने ती आणली. छान आणली. या खेपेला एकाही तज्ज्ञाची चूक झाली नाही. कासवसुद्धा यकृत म्हणालं नाही. सगळे एका सुरात ओरडले, "धनेश-व्याधी!"

महासभा संपली. आदर्श रोगी म्हणून चंद्रीच्या गळ्यात हार घातला. तिने तो तिथेच खाल्ला.

तात्पर्य : रोग दुर्मिळ असावा, डॉक्टर नामांकित असावा, आणि रोगी शक्यतो ठणठणीत असावा.