दोन खात्यांची एक पाटी

काटकसर करावी तर विपुल म्हात्रेने. सरकारने यंदा खर्चाला कात्री लावली. आगरदांड्याजवळच्या खाडीकाठची कृषी आणि मत्स्य अशी दोन कार्यालयं एकाच खोलीत कोंबली, नऊ माणसांतली आठ कमी केली आणि उरलेल्या विपुलच्या गळ्यात दोन्ही खाती घातली. त्यावर या पठ्ठ्याने जिल्ह्याच्या बैठकीत छातीठोकपणे सांगितलं, "एक माणूस, एक टेबल, एक पाटी. बघाच तुम्ही."

पाटी खरोखरच एक होती. एका बाजूला 'कृषी', दुसऱ्या बाजूला 'मत्स्य'. दुपारी एकला डबा संपला की विपुल ती उलटी टांगायचा आणि दर तासाला हजेरीच्या यंत्रावर त्या त्या खात्याचा अंगठा लावायचा. दुपारी कोणी भातावरची कीड दाखवायला आणली, तर त्याला उद्या सकाळी बोलवायचा. सकाळी कोणी होडीचा परवाना मागितला, तर त्याला दुपारी. शिस्त म्हणजे शिस्त. महिनाभर एकही फाइल इकडची तिकडे झाली नव्हती आणि विपुल स्वतःवर बेहद्द खूश होता.

अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, एक वाजून पाच मिनिटांनी, वेणूबाई धापा टाकत आली.

"साहेब, उघाडीचं दार उघडं हाय. भरतीचं पानी आत शिरतंय. परवाच लावनी केलीय मी."

बांधातल्या उघाडीचं लाकडी दार भरतीला लावायला आणि ओहोटीला उघडायला एक राखणदार असायचा. कात्रीत पहिला तोच गेला. वेणूबाईची बारा गुंठे जमीन बांधाला लागूनच होती, आणि एकदा खारं पाणी चढलं की तिथे दोन-तीन वर्षं धड पीक येत नाही, हे विपुललाही ठाऊक होतं.

"पण मावशी, ते दार कृषीकडे येतं. आता मत्स्य चालू आहे."

"मंग कृषीचे साहेब कुठं हायत?"

"ते... सकाळी येतात."

"ते म्हंजे तूच ना रं?"

विपुलने मार्ग काढला. मत्स्य अधिकारी म्हणून त्याने कृषी अधिकाऱ्याला तातडीचं पत्र लिहिलं, शिक्का मारला, टेबलाला वळसा घालून समोरच्या खुर्चीत बसला आणि पत्र स्वीकारलं. मग कृषीचा अंगठा लावायला गेला. यंत्राने सांगितलं, "आपण दुसऱ्या कार्यालयात हजर आहात."

वेणूबाईने हे सगळं कमरेवर हात ठेवून पाहिलं. मग ती दारापाशी गेली आणि तिने पाटी उलटी टांगली.

"झाली सकाळ. चल."

विपुल चपला हातात घेऊन धावला. दार चिखलात रुतलेलं. दोघांनी ओढून, ढकलून ते कसंबसं जागेवर बसवलं, पण अडकवायची खीळ कुठे ठेवलेली असते, ते त्या राखणदारालाच माहीत. शेवटी विपुल आतल्या बाजूने दाराला पाठ लावून उभा राहिला. कमरेपर्यंत पाणी, पँटमध्ये एक खेकडा. पाणी ओसरेपर्यंत दोन तास. वेणूबाई बांधावर बसून सुपारी कातरत होती.

"डावीकडनं झिरपतंय रं जरा."

भात वाचलं. ओल्या पँटने घरी जाताना विपुलला फार बरं वाटत होतं. महिनाभरात आपण पहिल्यांदाच काहीतरी काम केलं, असं त्याच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याहून पत्र आलं. यंत्राच्या नोंदीनुसार मत्स्य अधिकारी काल दुपारी जागेवर नव्हते, तरी नियंत्रण अधिकाऱ्याने त्यांच्याकडून खुलासा घ्यावा. नियंत्रण अधिकाऱ्याचं पदही कात्रीत गेलं होतं. खाली लिहिलं होतं: अतिरिक्त कार्यभार, वि. म्हात्रे.

सकाळी विपुलने विपुलला नोटीस दिली. दुपारी पाटी उलटी करून त्याने चांगला दीड पानी खुलासा लिहिला. संध्याकाळी नियंत्रण अधिकारी म्हणून तो दोनदा वाचला, आणि शिस्त म्हणजे शिस्त, त्याला तो समाधानकारक वाटला नाही.