एकदाच विचारणारा शेजारी

व्हर्लिन ऑस्गार्ड सकाळची कॉफी घेऊन खिडकीशी उभा होता आणि कॉफी त्याला कडू लागत होती. समोरच्या घराच्या पायरीवर गावातली बर्निस टोलेफसन उभी होती. तिच्या हातात लिंबाच्या वड्यांचा ट्रे होता.

"चौथा! या महिन्यातला चौथा ट्रे चाललाय त्या माँटोयाकडे."

"तू ट्रे मोजत बसतोस?" बायको मार्लिसने विचारलं.

"मोजत नाही. दिसतात."

वीस वर्षं हेच ट्रे व्हर्लिनकडे यायचे. गावात कुणाचाही कॉम्प्युटर रुसला की तो व्हर्लिनच्या तळघरात यायचा, आणि बरा होऊन घरी गेला की मागोमाग वड्या यायच्या. गेल्या शरदात डेल माँटोया नावाचा एक रिटायर्ड गृहस्थ ॲरिझोनाहून लेकीजवळ राहायला आला, आणि गावाने पाठ फिरवली. उत्तर मिनेसोटात हिवाळा सोसवत नाही म्हणणारा माणूस, पण तूप मात्र सगळं त्याच्याच पोळीवर!

"डेलने म्हणे बर्निसच्या मशीनचा बायॉस नवा केला," मार्लिस कोट चढवत म्हणाली. "आठ सेकंदांत सुरू होतं आता. आपलं दीड मिनिट घेतं. डेलला विचारू का?"

"मी मेलोय का?"

"बरं बाबा. पण आज हात लावू नकोस हं. पाच वाजता पुस्तक छापखान्याला पाठवायचंय."

पुस्तक म्हणजे चर्चच्या सव्वाशेव्या वर्षाचं पाककृतींचं पुस्तक. तीनशे बारा पाककृती मार्लिसने दोन वर्षं बसून टाइप केल्या होत्या. 'त्याची एक कॉपी काढून ठेवतो' असं व्हर्लिन तिला वर्षभर सांगत आला होता.

तिची गाडी कोपऱ्यावरून वळली आणि व्हर्लिन तळघरात उतरला. बायॉस म्हणजे बटण दाबल्यावर मशीनला सगळ्यात आधी जाग आणणारा प्रोग्रॅम. त्याला सहसा कुणी डिवचत नाही. व्हर्लिनलाही ते चांगलं ठाऊक होतं. पण बर्निसचं मशीन आठ सेकंदांत? मग आपलं सातात!

नवा बायॉस चढवायचं काम सुरू झालं. 'मशीन बंद करू नका' अशी पाटी पडद्यावर आली. बाहेर उणे अठ्ठावीस. पायाशी विजेची शेगडी चालू होती. तेवढ्यात तेवढं म्हणून तो गॅरेजमध्ये गेला आणि थंडीत गोठू नये म्हणून आपल्या ट्रकच्या इंजिनला लावलेला हीटर विजेला जोडला. गॅरेज आणि तळघर एकाच फ्यूजवर होते. हे व्हर्लिनलाच ठाऊक होतं, कारण ते वायरिंग त्यानेच केलं होतं.

खट्! सगळीकडे अंधार.

फ्यूज वर केल्यावर शेगडी आली, दिवा आला, मशीनचा पंखासुद्धा फिरला. पडदा मात्र काळा ठिक्कर. पाककृती आत सुखरूप होत्या, पण कुलपाचीच किल्ली मोडली होती.

"गाढवा," व्हर्लिन स्वतःला म्हणाला, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा."

इलाज त्याला माहीत होता. मशीनच्या पाठीवर एक छोटं बटण असतं. बायॉसची चांगली फाइल पेनड्राइव्हवर घ्यायची, ठरलेल्या भोकात घालायची, बटण दाबून धरायचं. दिवा लुकलुकत राहिला की समजावं, मशीन औषध पितंय. पण ती फाइल उतरवायला दुसरा कॉम्प्युटर हवा! त्याचा स्वतःचा लॅपटॉप नोव्हेंबरात 'साफ करायला' उघडला होता, तो अजून ॲपल-पायच्या थाळीत स्क्रूंसकट पडला होता. थंडीमुळे लायब्ररी बंद. राहता राहिला समोरचा.

व्हर्लिन गेला. डेलने दार उघडलं.

"काय म्हणता, व्हर्लिन? काही हवं होतं का?"

"छे छे, काही नाही. सहज आलो होतो."

"बरं," डेल म्हणाला, आणि दार लागलं.

व्हर्लिन पायरीवर थिजून उभा राहिला. आमच्याकडे रीत अशी की पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं, दुसऱ्यांदा विचारलं की 'कशाला उगीच त्रास' म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा हो म्हणायचं. पहिल्याच झटक्याला हो म्हणणारा माणूस अधाशी. आणि हा प्राणी एकदाच विचारून मोकळा!

तासाभराने व्हर्लिन फावडं घेऊन गेला आणि डेलच्या दारातला सगळा बर्फ उपसला. आता तरी लाजेल!

"अरे वा, आभारी आहे!" डेल बाहेर डोकावला. "आत येता का, कॉफी घ्यायला?"

"नको नको, तसदी नको."

"बरं." दार बंद.

अडीच वाजले. तिसऱ्या खेपेला व्हर्लिनच्या भुवयांवर बर्फ जमला होता.

"मशीनचं काही बिघडलंय का?" डेलने स्वतःहून विचारलं.

"नाही, तसं काही नाही..."

"बरं," म्हणून डेल दार लोटू लागला आणि व्हर्लिनच्या डोळ्यांपुढे मार्लिस आली, हिवाळ्याचे दोन हंगाम चष्मा लावून टाइप करणारी.

"थांबा! बिघडलंय!" तो ओरडला. "मीच बिघडवलंय! तुमच्यावर जळून! मला मदत हवीय!"

सदुसष्ट वर्षांत पहिल्यांदाच हे शब्द त्याच्या तोंडून निघाले होते.

"मग सकाळीच सांगायचं ना, भल्या माणसा," डेल म्हणाला. "चला."

डेलच्या कॉम्प्युटरवर फाइल उतरली. तळघरात पेनड्राइव्ह लावला, बटण दाबलं. दिवा तीनदा लुकलुकला आणि मख्खासारखा पेटून राहिला.

"म्हणजे झालं?" डेलने विचारलं.

"म्हणजे थुंकून टाकलं. फाइलचं नाव कंपनीने ठरवलेलंच लागतं, अक्षर न् अक्षर." व्हर्लिन धावत समोर गेला, नाव बदलून आला. पुन्हा बटण. या वेळी दिवा लुकलुकत राहिला. पाच मिनिटं दोघं म्हातारे गुडघ्यांवर बसून त्याच्याकडे बघत होते. मग दिवा विझला, पडदा उजळला, पुस्तकाची फाइल उघडली, आणि मार्लिसची तीनशे बारावी पाककृती दिसली. व्हर्लिनने डोळे पुसले.

"मानलं बुवा," डेल म्हणाला. "मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"आणि बर्निसचा बायॉस?"

"कसला बायॉस! फालतू प्रोग्रॅम काढून टाकले तिचे. बायॉस म्हटलं की लोक पुढचं विचारत नाहीत." डेल हळू आवाजात म्हणाला, "माझं एक काम करता का? मला मधुमेह आहे हो. वड्या नको म्हणून प्रत्येकाला सांगतो, पण इथे नको म्हटलेलं कुणाला ऐकूच येत नाही! पुन्हा पुन्हा विचारतात आणि हातात ठेवून जातात. अकरा ट्रे आहेत फ्रीझरमध्ये. सगळे घेता का?"

व्हर्लिनच्या तोंडाला पाणी सुटलं. तोंडातून शब्द मात्र सवयीने निघाले, "छे छे! नको, कशाला उगीच."

"बरं," डेल म्हणाला आणि गेला.

चारला मार्लिस आली. पुस्तक रवाना झालं, आणि मग व्हर्लिनने तिला सगळं सांगितलं. आधी ती भडकली, मग हसून हसून खुर्चीत बसली.

"अरे, मग हो म्हणायचं होतंस!"

"म्हणणारच होतो. तिसऱ्यांदा."

तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. समोरचं दार उघडलं. पायरीवर पुन्हा बर्निस होती, नवा ट्रे घेऊन. डेल मान हलवून नको म्हणत होता. दोनदा. तीनदा. मग ट्रे त्याच्या हातात दिसला.

"पाचवा," व्हर्लिन म्हणाला.