कोठीला कान लावणारे वाघमारेकाका

वाघमारेकाका कुणाच्याही घरी गेले की आधी स्वयंपाकघरात शिरतात आणि गव्हाच्या कोठीला कान लावतात. आम्ही इकडे हिंदी मुलखात, खातीपुऱ्यात राहायला आलो, तेव्हा ओळख व्हायच्या आधीच त्यांनी मला कुकर बंद करायला लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "किडे कुरतडतायत."

काका मूळचे लातूरकडचे. रेल्वेत सिग्नलच्या कामाला होते, निवृत्त होऊन इथेच राहिले, आमच्या शेजारी. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमचा गहू गच्चीवर पसरला, चाळला, एरंडेलाचा हात फिरवला आणि थराथरांत कडुनिंबाचा वाळका पाला घातला. वर वेखंडाचे तुकडे. "पाला सावलीतच वाळवायचा. मतलब, उन्हात त्याचा जोर जातो," हे आता माझी मुलगी झोपेतही सांगेल.

समोरच्या शर्माजींनी एकदा किडे मारायच्या गोळ्या आणल्या. काकांनी त्या बराच वेळ न्याहाळल्या. "शर्माजी, खाने की चीज है. मतलब, बच्चे खाएँगे," एवढंच म्हणाले. गोळ्या दुकानात परत गेल्या. शर्माजींच्या मुलीच्या लग्नात काकांनी आहेर म्हणून पाल्याची पुरचुंडी दिली, ती तिच्या आईने उटणं समजून नवरीला चोळली. त्याबद्दल त्या घरात अजून कुणी बोलत नाही.

यंदा काकांच्या मुलाची बेंगळुरूला बदली झाली. सून, नातवंडं गेली आणि नातवंडांना सांभाळायला काकूही गेल्या.

"तुम्ही का नाही गेलात?" मी विचारलं.

"फ्लॅट लहान आहे," काका म्हणाले. आणि त्याच आठवड्यात नेहमीसारखा सगळ्या घराचा वर्षाचा गहू घेऊन आले. कितीतरी दिवस एकटेच गच्चीवर निवडत बसलेले दिसायचे.

परवा मी काही कामाने त्यांच्याकडे गेले, तर ते चहाबरोबर ब्रेड खात होते. दुपारचं जेवण म्हणे. मागे कोठी काठोकाठ भरलेली.

"एवढा गहू घरात, आणि ब्रेड?"

"पोळी कुठे येते मला," ते म्हणाले. मग कोठीकडे बघत, "एकाही दाण्याला कीड नाही बघा."

मी म्हटलं, "काका, आमचं पीठ संपत आलंय. तुमच्या गव्हाचं दळून आणाल? आणि जेवायला आमच्याकडेच या."

संध्याकाळी ते पिठाचा डबा घेऊन आले. मुलीने तिसरी पोळी वाढली, तेव्हा नको म्हणाले नाहीत. जाताना दारात चपला घालत, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "उद्या लागेल का पीठ?"

"रोजच लागतं," मी म्हटलं.