अदी गिमे स्टेशनाची बदली

आमच्या स्टेशनानं बदलीसाठी अर्ज केला, तेव्हा मी तापानं पडलो होतो. म्हणूनच तो अर्ज कुणाला तरी वाचायला मिळाला.

स्टेशनाचं नाव अदी गिमे. आमच्या तिग्रिन्या भाषेत त्याचा अर्थ धुक्याचं गाव. एरिट्रियात मस्सावा बंदरापासून अस्मरा शहरापर्यंत डोंगर चढत जाणारी जुनी रेल्वे आहे, तिच्या वरच्या अंगाला हे लहानसं स्टेशन. इटालियन लोकांनी बांधलेलं, दगडी, पिवळ्या रंगाचं. एक प्रतीक्षालय, एक तिकीटखिडकी, एक घंटा आणि मागच्या बाजूला माझी खोली. गाव म्हणाल तर फक्त नावात आहे. गाडी गुरुवारी येते. बाकीचे सहा दिवस मी असतो, स्टेशन असतं आणि धुकं असतं. मी इथे एकतीस वर्षं आहे. माझी बायको अब्रेहेत जाऊन नऊ वर्षं झाली.

मी शाळेत फार गेलो नाही. आकडे येतात आणि या मार्गावरच्या स्टेशनांची नावं ओळखता येतात. कामाला तेवढं पुरतं. फलाटावर एक फळा आहे, गुरुवारी त्यावर गाडीची वेळ लिहायची. सकाळी उठल्यावर आधी तो ओल्या फडक्यानं पुसायचा, असा नियम आहे. गाडी असो, नसो. बऱ्याचदा फळ्यावर भरगच्च ओळी लिहिलेल्या असायच्या. आसपासचे मेंढपाळ दुपारी फलाटावर टेकतात, त्यांच्यातला कुणी शिकलेला हात चालवत असेल, असं मी धरून चाललो होतो. मी पुसून टाकायचो.

तापात चार दिवस मी उठलो नाही. गुरुवारी गाडी आली तेव्हा फलाटावर कुणी नाही असं पाहून ड्रायव्हर मेब्राहतू खाली उतरला. पंधरा वर्षं तो हीच गाडी चालवतो. त्यानं मला पाणी दिलं, कपाळाला हात लावला आणि बाहेर जाऊन परत आला.

"अबोय तेकीए, फळ्यावर हे कुणी लिहिलंय?"

अबोय म्हणजे बाबा. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला तसंच म्हणतात.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

त्यानं फळ्यापाशी जाऊन मोठ्यानं वाचून दाखवलं. "महोदय, मी अदी गिमे स्टेशन या जागी नव्वद वर्षं सेवेत आहे. इथली हवा दमट असून सांध्यांत ओल उतरते. समुद्राकाठी जागा रिकामी असल्यास माझी तिथे बदली व्हावी, ही नम्र विनंती."

"सही कुणाची?"

"सही नाही. तिकिटावर मारता तो शिक्का आहे."

"मग अर्ज आहे."

"अर्जच आहे. अक्षर तुमच्यापेक्षा शंभरपट चांगलं आहे, अबोय."

"माझ्यापेक्षा बकरीचंही चांगलं येईल."

तो हसला. मग ब्रेकच्या तपासणीचा एक कोरा कागद काढून त्यानं अर्ज शब्दाला शब्द उतरवून घेतला आणि वर अस्मराला घेऊन गेला. अर्ज म्हटल्यावर तो पोचवायलाच हवा.

गाडी गेल्यावर मी भिंतीकडे तोंड करून पडलो. मला म्हणायचं होतं, एकतीस वर्षं एकत्र काढली, एकदा सांगायचं होतंस. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की ते सांगत होतं. रोज सांगत होतं.

पुढच्या गुरुवारी कार्यालयातून वैझेरो सेनाइत आल्या. वैझेरो म्हणजे बाईसाहेब. पन्नाशीच्या, जाड तळव्याचे बूट, डोक्यावरून पांढरी ओढणी. बदल्यांचं टेबल त्यांच्याकडे होतं. त्यांनी अर्जदाराच्या चारही भिंतींवर तळहात ठेवून पाहिला, पायरीखाली वाकून पाहिलं आणि वहीत लिहिलं, 'प्रकृती बरी. पाया सुटण्यास तयार.'

मग आम्ही प्रतीक्षालयात बसलो. अर्जदार हजर असावा, असा त्यांचा आग्रह होता. मी शेगडीवर बिया भाजल्या, कुटल्या आणि जबेना चढवली. जबेना म्हणजे आमची कॉफीची लांब मानेची मातीची सुरई. आमच्याकडे कॉफी तीन वेळा होते. एकाच पुडीवर पुन्हा पाणी घालून दुसरी, मग तिसरी. तिसरी पिण्याआधी पाहुणा उठत नाही. तिसरीला बरका म्हणतात, म्हणजे आशीर्वाद.

पहिली कॉफी पिताना मी विचारलं, "स्टेशन गेलं तर माझं काय?"

"तुमची नेमणूक जागेवर आहे, अबोय. इमारतीवर नाही. इमारत गेली तरी अदी गिमे इथंच राहणार. इथे कुणीतरी असायला हवं."

"आणि मी राहायचं कुठे?"

"त्याचा फॉर्म वेगळा असतो." त्यांनी कप खाली ठेवला. "पण तुम्ही इतक्यात घाबरू नका. मस्सावाच्या अलीकडे लढाईपासून रिकामी असलेली एकच जागा आहे. तिच्यासाठी खालच्या घाटातल्या एका मालगोदामाचाही अर्ज आहे. दोन वर्षांपूर्वीचा."

"म्हणजे जागा त्याला मिळणार?"

"त्याच्या छपराला वाळवी आहे आणि स्वभाव भांडखोर आहे. पण ज्येष्ठता ती ज्येष्ठता. तुमच्या स्टेशनाचा अर्ज मागच्या आठवड्यातला."

"पुढची जागा कधी निघेल?"

"सांगता येत नाही. तिथे पुलांचीही रांग आहे."

मी दुसरी कॉफी ओतली. खिडकीबाहेर काही दिसत नव्हतं. मला हलकं वाटत होतं आणि हलकं वाटल्याची लाज वाटत होती. मी गप्प बसलो तरी खोटं बोललो असं होणार नव्हतं. मला कुणी काही विचारलंच नव्हतं. स्टेशनही काही बोललं नाही. दोन माणसं बोलत असताना ते मध्ये पडत नाही. कोपऱ्यातल्या सांध्यातून पाण्याचा एक थेंब ओघळत खाली आला आणि बाकाशी थांबला.

वैझेरो सेनाइत गाडीची वेळ पाहू लागल्या. मी तिसरी कॉफी ओतली. बरका पिताना पोटात काही ठेवून प्यायची नाही, असं माझी आई म्हणायची.

"बाईसाहेब, अर्जाची तारीख चुकली आहे."

"कशी?"

"हे आधीही लिहीत होतं. मी पुसत होतो."

त्यांनी पेन उघडलं. "किती दिवस?"

"पहिल्यांदा ओळी दिसल्या तेव्हा अब्रेहेत होती. ती म्हणाली, बघा तरी, किती सुबक अक्षर. तिलाही वाचता येत नव्हतं. त्याला अकरा वर्षं झाली."

"याला पुरावा?"

"पुरावा नाही. मी पुसला ना."

मग त्यांनी पिशवीतून एक जाड फाइल काढली आणि पानं मागे मागे उलटत गेल्या. "तुम्ही महिन्याला खडूचा एक डबा मागवता. अकरा वर्षं. आठवड्याला एक ओळ लिहायला?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कार्यालयात आमची समजूत होती की अबोय तेकीए खडू खातात."

"माझी समजूत होती की उंदीर खातात."

"अर्ज नष्ट करणं हा गुन्हा आहे, अबोय."

"हो."

"आणि फळा पुसणं हा नियम आहे."

"हो."

त्यांनी कॉफी संपवली आणि सावकाश लिहिलं, 'नियमाचं पालन करताना अर्ज वारंवार स्वच्छ करण्यात आला. ज्येष्ठता अकरा वर्षं धरावी.' गाडीत चढताना त्या म्हणाल्या, "तुम्ही बोलला नसतात तर ते राहिलं असतं. तुम्हाला कळलं होतं ना?"

"कळलं होतं," मी म्हणालो.

तीन आठवड्यांनी हुकूम आला. स्टेशनानं सोमवारी निघायचं ठरवलं, कारण सोमवारी खालपर्यंतच्या साऱ्या मार्गावर काही नसतं. आदल्या दिवशी मी काचा पुसल्या, बिजागऱ्यांना तेल दिलं, माझी खाट आणि जबेना बाहेर काढली. फळा त्याच्याबरोबर जाऊ दिला. खडूचा उरलेला डबा तिकीटखिडकीत ठेवला, नव्या ठिकाणी लगेच मिळेल न मिळेल. बाकावर अब्रेहेत जिथे टेकून बसायची, तिथे भिंतीला तिच्या केसांच्या तेलाचा डाग होता. तो काढून ठेवता येण्यासारखा नव्हता.

सकाळी ऊन थोडं वर आल्यावर ते उठलं. पायाची माती झटकली आणि रुळांशी येऊन उभं राहिलं. झेंडा दाखवल्याशिवाय मार्गावर कुणी पाऊल ठेवत नाही, हे त्याला ठाऊक होतं. मी हिरवा झेंडा दाखवला. थोडा वेळ ते हललं नाही. मग मी पुन्हा दाखवला.

ते रुळांच्या कडेनं उताराला लागलं. बोगद्यात मावेना, म्हणून डोंगरावरून गेलं. शेळ्यांनी वाट दिली. घंटा बराच वेळ ऐकू येत होती, पण ते मुद्दाम वाजवत होतं की चालताना वाजत होती, हे मला सांगता येणार नाही.

गुरुवारी मेब्राहतूनं गाडी बरोबर जागेवर थांबवली. त्यानं मला भाकरी आणि एक ताडपत्री दिली. राहण्याचा फॉर्मही आला होता. त्यानंच तो भरला.

जिथे स्टेशन होतं तिथे जमिनीचा एक चौकोन आहे, कोरडा, सारखा. मी खाट तिथेच घातली आहे. पहिले पंधरा दिवस धुकं चारही बाजूंनी चौकोनापर्यंत यायचं आणि थांबायचं. इतक्या वर्षांची सवय. मी मध्ये बसून कॉफी करायचो.

काल धुकं आत आलं. भिंत नव्हती, कुठूनही येऊ शकलं असतं. पण ते फलाटाकडून वळसा घालून दाराच्या जागेतून आलं आणि खाटेजवळ येऊन थांबलं. मी जरा सरकून बसलो.