थोरलीच्या मागे मागे

एकदा सांगितलेली गोष्ट मला दुसऱ्यांदा सांगावी लागत नाही! ही बढाई नाही हो. मी विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासतो. कोण कुठे चुकला, का चुकला आणि चुकूनही तोंड वर करून भरपाई कशी मागतो, हे रोज बघतो. त्यामुळे आपण स्वतः कधी चुकणार नाही, याची मला पक्की खात्री होती. बायको म्हणते, ही खात्री जगात फक्त मला एकट्यालाच होती. असो.

माझे सासरे घड्याळं दुरुस्त करतात आणि उरलेल्या वेळात इथल्या यॉट क्लबचे अध्यक्ष असतात. खरं म्हणजे अध्यक्ष असतात आणि उरलेल्या वेळात घड्याळं दुरुस्त करतात! यॉट क्लब म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे पांढरे बूट आणि चकचकीत जहाजं आली असतील, तर ती पुसून टाका. खाडीच्या काठावर पत्र्याच्या छपराची एक लांबट इमारत आहे. आत व्हार्निशचा वास, ओल्या दोरांची वेटोळी, एक पितळी घंटा आणि भिंतीवर स्वर्गवासी अध्यक्षांचे फोटो. सगळे रागावलेले. बाहेर धक्क्याला बांधलेल्या पंचवीसेक शिडाच्या होड्या, आणि त्यांचे मालक म्हणजे दंतवैद्य, शिंपी, शाळामास्तर वगैरे तुमच्या-आमच्यातलीच माणसं.

या होड्यांत सगळ्यांत जुनी होडी म्हणजे 'थोरली'. क्लब जन्मला तिच्याबरोबर, आणि सासऱ्यांनी तिला स्वतःच्या मुलीपेक्षा जास्त जपलं आहे. हे मी नाही, त्यांची मुलगीच म्हणते.

आता थोरलीची परंपरा ऐका. म्हणतात की क्लबच्या पहिल्याच वर्षी खाडीत दाट धुकं पडलं. हाताला हात दिसेना! थोरलीवरच्या संस्थापकांनी सांगितलं, "मी जाईन तिथे या, मी करीन ते करा, डोकं चालवू नका." ज्यांनी ऐकलं ते जेवायच्या वेळेला घरी पोचले. एकानं डोकं चालवलं. तो दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गावात सापडला, कुणाच्या तरी ओट्यावर चहा पिताना.

तेव्हापासून दर हंगामाच्या पहिल्या दिवशी मिरवणूक निघते. थोरली पुढे, बाकीच्या ओळीनं मागे. थोरली करेल ते सगळ्यांनी करायचं. रांग मोडायची नाही. जो मोडेल त्याला संध्याकाळच्या वार्षिक सभेत मत नाही! मोबाईल सकाळीच क्लबातल्या टोपलीत टाकायचे. आणि थोरलीचं सुकाणू ज्याच्या हातात, त्यानं अध्यक्षांची टोपी घालायची आणि परत धक्क्याला लागेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. संस्थापकांचा घसा त्या दिवशी धुक्यानं बसला होता, म्हणून आम्ही मुके!

यंदा मात्र या सगळ्यावरच गदा आली होती. क्लबचे नवे चिटणीस तरुण, हुशार आणि भलतेच घाईचे. शीड म्हणजे वेळेचा अपव्यय, असं त्यांचं मत. त्यांनी सभेपुढे प्रस्ताव ठेवला होता: मिरवणूक बंद करावी, तिच्या जागी मोटरबोटींची शर्यत घ्यावी, आणि थोरलीला मधोमध कापून तिचा पुढचा अर्धा भाग फाटकाशी चौकशीचं टेबल म्हणून बसवावा!

"टेबल!" सासरे जेवताना अचानक म्हणायचे आणि घास खाली ठेवायचे. सासूबाई मुकाट्यानं त्यांच्या पानात पुन्हा भाजी वाढायच्या. डोकी मोजली तर चिटणिसांकडे दोन-तीन मतं जास्तच होती. सभा त्या दिवशी झाली की थोरली गेलीच म्हणून समजा. नियमच तसा होता: मिरवणुकीच्या संध्याकाळी सभागृहात सभा, झाली तर जे ठरेल ते, नाही झाली तर वर्षभर जुनं आहे तसं चालू.

मिरवणुकीच्या दिवशी सकाळी सासऱ्यांची पाठ धरली! मी त्यांच्या घरी गेलो तर ते खुर्चीत वाकडे बसलेले.

"जावईबापू," ते कण्हत म्हणाले, "थोरली तुम्ही न्यायची."

"मी? बाबा, अहो, मी आत्तापर्यंत तिच्यात दोनदाच बसलोय!"

"शीड तुमच्या सासूबाई सांभाळतील. तुम्ही फक्त सुकाणू धरा. एकच गोष्ट लक्षात ठेवा. वाटेत पाण्यावर तरंगणारा लाल बोया दिसेल, तो उजव्या हाताला ठेवायचा. डाव्या हाताला गेला की खाली चिखल."

"लाल बोया, उजवा हात. मला एकदा सांगितलं की—"

"माहीत आहे," सासरे म्हणाले.

बायको मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "अहो, नाही म्हणा. दंतवैद्यकाका आहेत, मास्तर आहेत. तुम्हीच का?"

"घरचा माणूस म्हणून!" मी छाती फुगवून म्हणालो. खोटं कशाला बोलू, मला गहिवरून आलं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसानं मला कधी भिंतीवरच्या घड्याळाला किल्लीसुद्धा देऊ दिली नव्हती.

अध्यक्षांची टोपी मला दोन मापं मोठी होती. सासूबाई आधीच शिडाशी जाऊन बसल्या होत्या, आणि त्यांच्या पायाशी दोन प्रचंड पिशव्या होत्या. तासाभराच्या फेरीला एवढं सामान कशाला, असं विचारायला मी तोंड उघडलं, तर त्यांनी टोपीकडे बोट दाखवलं. मौन! मी तोंड मिटलं.

निघालो! वारा पाठीशी होता, शीड टम्म फुगलं, थोरली झुळझुळ चालली. टोपी घसरून माझ्या डोळ्यांवर आली म्हणून मी ती जरा उचलली. मागे पाहतो तो काय, दंतवैद्यांनी टोपी उचलली! त्यांच्या मागे शिंप्यांनी! मग मास्तरांनी! टोप्या उचलल्या जाण्याची लाट पार शेवटच्या होडीपर्यंत गेली. मी टोपी ठेवली. सगळ्यांनी ठेवल्या. मी नाक खाजवलं. काय सांगू तुम्हाला, पंचवीस नाकं खाजवली गेली हो!

ऑफिसात माझं शिपाईसुद्धा ऐकत नाही. घरात तर बोलायलाच नको. आणि इथे डॉक्टर-मास्तर मंडळी माझ्या बोटावर नाचत होती! धक्क्यावर बायको उभी दिसली. मी एक हात हलवला. मग उत्साहाच्या भरात दोन्ही हलवले. सगळ्यांनीच दोन्ही हात हलवले आणि सुकाणू सोडून दिली! शिंप्यांची होडी मास्तरांच्या होडीला जाऊन भिडली. हे दोघे सख्खे भाऊ. एका नांगराच्या मालकीवरून त्यांच्यात वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. आता ते बोलले. काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण सुरुवात तर झाली!

इतक्यात सलामीची जागा आली. इथे थोरलीवरचा माणूस मागे वळून ताठ बसतो आणि एकेक होडीची सलामी घेतो. मी वळलो. समोर शिडांची लांबलचक पांढरी रांग, प्रत्येक होडीतून कपाळाशी गेलेले हात. काय तो थाट! मी मान तुकवून स्वीकार करत होतो, आणि कर्तव्यही विसरलो नव्हतो बरं का. तिरप्या नजरेनं मी लाल बोया पाहिला, सुकाणू ढकललं आणि तो अगदी बरोब्बर माझ्या उजव्या हाताला घेतला.

माझं तोंड मागच्या बाजूला होतं, एवढंच!

खालून 'चर्रर्र' असा आवाज आला. मग 'फसक्'. थोरली थांबली. मी उलटा पडलो आणि टोपी चिखलात गेली. सासूबाईंनी शांतपणे शीड उतरवलं, पदर नीट केला आणि पहिली पिशवी उघडली.

मागून दंतवैद्यांची होडी येत होती. त्यांना समोर चिखल दिसत होता. मी हात हलवून 'इकडे येऊ नका, तिकडून जा' अशी खूण केली. त्यांनी हात हलवून मागच्यांना तीच खूण केली. शिंप्यांनी मास्तरांना केली. सगळ्यांनी सगळ्यांना केली आणि सगळे सरळ माझ्या मागे आले! दंतवैद्यांच्या चेहऱ्यावर दाढ उपटून घेणाऱ्या माणसाची कळा होती, पण त्यांनी सुकाणू तसूभर वळवलं नाही. परंपरा म्हणजे परंपरा. फसक्. फसक्. फसक्!

शेवटची होडी चिटणिसांची. नवी कोरी, हलकी, जागच्या जागी वळणारी. ते वळलेही असते! पण रांग मोडली तर मत जातं, आणि आजच्या दिवशी त्यांना मत हवंच होतं. बिचारे कधी चिखलाकडे, कधी क्लबाकडे बघत राहिले. मग डोळे मिटून आले. फसक्.

ओहोटी सुरू झाली होती. भरतीचं पाणी संध्याकाळ कलल्याशिवाय येणार नव्हतं. सोडवायला येईल अशी एकच मोटरबोट क्लबाकडे होती. तिची किल्ली चिटणिसांच्या खिशात होती, आणि चिटणीस चिखलात होते!

मला सगळ्यांची क्षमा मागायची होती, पण मी मुका. सासूबाईंवर तसलं बंधन नव्हतं. "सँडविच घ्या हो सगळ्यांनी," त्या म्हणाल्या, आणि डबे या होडीतून त्या होडीत फिरू लागले. डबे संपतच नव्हते. थर्मास निघाले. ऊन चढलं तशी एकाच होडीत एकाच छत्रीखाली शिंपी आणि मास्तर दाटीवाटीनं बसले.

"नांगर तुझाच, घेऊन जा," शिंपी म्हणाले.

"आता कशाला? आता तर हलायचंच नाहीये," मास्तर म्हणाले, आणि दोघं डोळ्यांत पाणी येईस्तो हसले.

चिटणिसांना मात्र चैन नव्हतं. ऊन उतरायला लागलं तसे ते होडीत उभे राहिले. "सभेची वेळ होत आली! इथेच घेऊ या सभा!"

"सभागृहातच व्हायला हवी," दंतवैद्य तोंड भरलेलं असताना म्हणाले. "अध्यक्षांनी घंटा वाजवून."

चिटणिसांनी दोन्ही हातांचा कर्णा केला. "अध्यक्ष! इकडे या! सभा!"

धक्क्यावर खुर्चीत बसलेल्या सासऱ्यांनी कानाला हात लावला, मान हलवली आणि उठून ते आत गेले. थोड्या वेळानं पाण्यावरून घंटेचा आवाज आला. सभा सुरू! मग बराच वेळ शांतता. मग पुन्हा घंटा. सभासदांअभावी सभा संपली!

चिटणीस हळूच खाली बसले. सासूबाईंनी त्यांच्याकडे एक डबा सरकवला. "घ्या. सकाळपासून काही खाल्लं नाहीत तुम्ही." त्यांनी घेतला. इतक्या दिवसांत क्लबात त्यांना कोणी खाल्लंत का म्हणून विचारलं नसावं, कारण दुसरं सँडविच त्यांनी स्वतःहून मागून घेतलं.

पाणी आलं, आम्ही सुटलो. ओळीनंच परतलो. धक्क्याशी मी दोर फेकला. सासऱ्यांनी तो हवेतच झेलला, कमरेतून पार खाली वाकले आणि झटक्यात गाठ मारली.

मला आता बोलता येत होतं. "बाबा, चुकलो! मला माफ— बाबा, तुमची पाठ?"

"पाठीचं काय?"

"अहो, पाठ!" सासूबाई होडीतून दबक्या आवाजात म्हणाल्या.

"आई गं!" म्हणत सासऱ्यांनी चटकन कमरेवर हात ठेवला.

मी अपघाताचे दावे तपासणारा माणूस! बरी झालेली पाठ, अख्ख्या क्लबाला पुरलेले डबे... माझ्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला.

"बाबा! तुम्ही मला मुद्दाम चिखलात घातलंत?"

"छे, छे! मी तुम्हाला रस्ता अगदी बरोबर सांगितला होता," सासरे थोरलीच्या कडेवरचा चिखल स्वतःच्या रुमालानं पुसत म्हणाले. "पण मास्तरांना दिली असती, तर ते बोयाच्या बरोबर बाजूनं गेले असते. दंतवैद्यही गेले असते. एवढ्या मोठ्या क्लबात माझ्या भरवशाचं दुसरं होतं कोण?"

आणि त्यांनी मला मिठी मारली. चिखलासकट! मला राग यायला हवा होता, पण तो काही येईना. थोरली वाचली होती, म्हातारा लहान मुलासारखा हसत होता, आणि त्यांच्या खांद्यावरून मला माझी बायको डोळे पुसताना दिसत होती. हसून की रडून, ते मी विचारलं नाही.

तरी अभिमान म्हणून काही असतो की नाही? दुसऱ्याच आठवड्यात मी होडी चालवायची शिकवणी लावली, मास्तरांकडे. वारा, सुकाणू, बोये, सगळं पद्धतशीर! चार धडे झाले असतील-नसतील, तोच सासरे दुकान बंद करून धापा टाकत आमच्या दारात हजर. पाणीसुद्धा घेतलं नाही त्यांनी.

"जावईबापू, हे मी काय ऐकतोय? ती शिकवणी आधी बंद करा! पुढच्या वर्षी पुन्हा सभा आहे!"