जिभाऊंची मेथी

ती लढाईची वर्षं. गावात कोणाला रॉकेलची काळजी, कोणाला जपानची. आमच्या जिभाऊंना काळजी मेथीची. तीही ऐन आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, उन्हात, खांडबाऱ्याच्या बाजारात हिरवं पान औषधालाही मिळत नाही तेव्हा.

जिभाऊ म्हणजे माझे धाकटे चुलते. विहिरीच्या सावलीत त्यांनी हातभर वाफा केला होता. उन्हं यायच्या आत मेथी मुळासकट उपटायची, माती झटकायची, पण धुवायची नाही. ओल्या फडक्यात सैल गुंडाळून रेतीत बसवलेल्या कोऱ्या माठात ठेवायची आणि माठाच्या तोंडाला दुसरं ओलं फडकं बांधायचं. धुणं खायच्या वेळी, आणि खुडणं हातानेच. विळी दिसली तरी त्यांचा जीव वरखाली व्हायचा.

“पाला रुसस, भाऊ!” ते बजावत. “एकदाव रुसना का मंग पानीमा बुडाडा तरी हासत नही.”

मी तेव्हा नवा मास्तर. पोरांना नद्या शिकवायचो, म्हणून असेल, पाण्याचं खातं माझ्याकडे आलं: माठावरचं फडकं ओलं ठेवणं. भीतीपोटी मी एकदा कळशीच उपडी केली. जिभाऊंनी आत हात घालून पानं चाचपली.

“मास्तर, म्हैस शे का ती, डुंबाले?”

त्यानंतर मी फडक्यावर पाणी शिंपडताना श्वास रोखून धरू लागलो.

हा सगळा खटाटोप काशीसाठी, त्यांच्या लेकीसाठी. आखाजीला सासरी गेलेली लेक माहेरी आणायची ही आमच्याकडची रीत. आणायला जातो तो मुराळी. जिभाऊंना मुलगा नाही, काकू तर काशी रांगत असतानाच गेली. म्हणून माझा थोरला भाऊ मुराळी होऊन जायचा. मागल्या साली काशीच्या सासूने त्याला रिकामाच परत पाठवला होता: “घरमा काम शे.” आणि काशीला कच्च्या मेथीचा घोळाना म्हणजे जीव की प्राण. दाण्याचं कूट, कांदा, तिखट, वरून तेल. बस.

यंदाही भाऊ गेला. दुपारची गाडी शिट्टी देऊन निघून गेली. कोणी आलं नाही. जिभाऊंनी माठ उघडला, पाहिला, बांधला. पुन्हा उघडला.

माझी आई म्हणाली, “जिभाऊ, तुम्हले फिकीर पालानी शे का पोरनी?”

“पालानी,” जिभाऊ म्हणाले. “पोर काय, यी. पाला टिकाले जोयजे.” पण माठाच्या तोंडाची साधी गाठ त्यांना बांधता येईना. शेवटी आईने बांधली.

दिवेलागणीच्या गाडीने दोघं आली. काशी वाळली होती. जिभाऊंनी तिच्याकडे न बघताच विचारलं, “गाडीले येळ लागना का?” आणि माठाकडे धावले. मीही मागोमाग. मेथी टवटवीत होती. मी फडकं डोक्याला बांधून नाचायचाच बाकी होतो.

जिभाऊंनी एकेक पान खुडलं, धुतलं, निथळलं. कोवळा पाला परातीत, जून देठ बाजूला. आईने घोळाना कालवला आणि परात काशीपुढे ठेवली. काशीने ती हळूच आईकडे सरकवली, माझ्या बायकोकडे सरकवली, आणि टाकायला ठेवलेले देठ मूठभर उचलून आपल्या भाकरीवर घेतले. सहज. रोज करावं तसं.

“काशे, हाई काय?” आई म्हणाली.

“मले हाईच चालस, मोठी माय. तठे सासरले मन्हा नंबर येस तवलोंग पाला...” आणि ती थांबली.

जिभाऊ दारात उभे होते. बायकांच्या पंगतीत ते जन्मात कधी बसले नव्हते. आत आले, काशीसमोर मांडी घातली. तिच्या भाकरीवरचे देठ उचलून स्वतःच्या हातावर घेतले आणि परात तिच्या मांडीशी ओढली.

“खाय,” म्हणाले.

दात त्यांचे थोडेच उरले होते. ते देठ चावत राहिले, आणि काशीचा शेवटचा घास होईपर्यंत जागचे हलले नाहीत.