फ्लॉपीला कुंकू

धडा पहिला : आत्मविश्वास

मंडळी, १९८८च्या दसऱ्याला रत्नागिरीच्या दातांचं विसावं शतक सुरू झालं. सुरू कोणी केलं? मी! राजाभाऊ कवळीवाला! मुंबईला जाऊन काँप्युटर शिकून आलो, मशीन आणलं आणि जाहीर करून टाकलं : कवळ्या बनवणाऱ्यांसाठी काँप्युटर-वर्ग!

देवरूख, दापोली, गुहागर, सगळीकडचे कवळीवाले आले. देवरूखच्या धाकूशेठनं दारातच बजावलं, "जमलं तर सगळे नाव घालू. नाही जमलं तर दुपारची एसटी आहेच."

म्हणजे वर्ग उभा राहणार की पहिल्याच दिवशी आडवा होणार, ते आजच ठरणार!

धडा दुसरा : प्रात्यक्षिक

टेबलावर तीन नव्या कवळ्या. समोर बाकावर बोळक्या तोंडाचे त्यांचे मालक : बागायतदार आप्पा, मासे विकणाऱ्या येसूबाई आणि नमनाच्या खेळात रावण होणारा काशीराम.

"यातली कोणती कोणाची?" मी गरजलो. "आजवर आपण कवळीच्या आत नाव कोरत आलो. अडाणीपणा! आता नुसता नंबर. नाव फ्लॉपीत!"

फ्लॉपी घातली. मशीन दमेकऱ्यासारखं घरघरलं, खोकलं, आणि 'मला वाचता येत नाही' अशा अर्थाचं इंग्रजी हिरव्या अक्षरांत दाखवून गप्प बसलं.

फ्लॉपी बाहेर काढली. लाल!

"सुनेत्रा!"

बायको आतून आली. "ओरडता काय? सकाळी हत्यारं पुजली. पकडी, ब्रश, दिवा. हीपण पुजली. हिच्या पाकिटाला बोट मावेल एवढी खिडकी होती, तिथंच कुंकू वाहिलं."

मंडळी, मशीन त्याच खिडकीतून वाचतं हो!

"दुसरी प्रत असेल ना?" दापोलीकरांनी विचारलं.

"तीही पुजली," सुनेत्रा म्हणाली. "एकीलाच कशाला वगळायचं?"

धडा तिसरा :

(रद्द.)

धडा दुसरा, पुन्हा

धाकूशेठनं पिशवी उचलली. मी दारात आडवा झालो.

"बसा! खरा धडा आता! काँप्युटर बंद पडला तर काय कराल?"

काय करायचं ते मलाही ठाऊक नव्हतं. पण हात चालू झाले. कवळ्या जंतुनाशकात बुचकळल्या आणि पहिली आप्पांना बसवली. त्यांचे ओठच मिटेनात! टांग्याचा घोडा फोटोला बसल्यासारखे दिसू लागले. काढली, बुचकळली, येसूबाईंना दिली.

"ही माजी नाय!" त्या किंचाळल्या. "तोंडात नांग्या उघडून कुर्ली फिरताय जशी!"

काढली, बुचकळली, काशीरामला दिली. खट्! बसली!

तो उठला, छाती फुगवली आणि रावणाच्या आवाजात असा हसला की खिडकीची तावदानं हलली. कवळी मात्र तसूभर हलली नाही! मग उरलेल्या दोन. आप्पांचे ओठ मिटले, येसूबाईंनी मूठभर चणे कडाकडा फोडले. टाळ्यांचा कडकडाट!

धाकूशेठनं पिशवी खाली ठेवली. "शिकवणं याला म्हणतात, राजाभाऊ! मशीन मुद्दाम बिघडवलंत ना?"

"अर्थात!" मी म्हणालो. सुनेत्रा माझ्याकडे बघतच राहिली.

सगळ्यांनी नावं घातली. सगळ्यांनी! मी हवेत होतो.

"पुढचा वर्ग देवरूखला घ्या," धाकूशेठ म्हणाला. "मशीन नका आणू, एसटीत जागा अडते. येसूबाईंना तेवढं आणा."

तर मंडळी, रत्नागिरीचा पहिला काँप्युटर-वर्ग तुडुंब भरला आहे. तारीख येसूबाईंना सवड झाली की कळवतो.